ओशर्सलेबेनच्या आकाशातला अर्धा तास: बॉम्बर ताफ्याचा एकटा राखणदार

गगनवेध | शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांवर इथे अधूनमधून बोलणं होतं, पण गाडी बहुतेक वेळा कोणी किती विमानं पाडली या आकड्यावर येऊन थांबते. मला आज ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे, त्याची सगळ्यात मोठी कामगिरी त्या आकड्यात मावत नाही. मेजर जेम्स हॉवर्ड, अमेरिकन हवाई दल, ३५४वा फायटर ग्रुप. तारीख ११ जानेवारी १९४४.

आधी त्या वेळची परिस्थिती. इंग्लंडमधल्या तळांवरून अमेरिकेचं आठवं हवाई दल दिवसाढवळ्या जर्मनीवर बॉम्बफेक करायचं. बी-१७ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ला चहूबाजूंनी मशीनगन होत्या. अशी विमानं दाट रचनेत उडाली की स्वतःचं रक्षण स्वतः करतील, हा सुरुवातीचा विश्वास होता. १४ ऑक्टोबर १९४३ला श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर २९१ बॉम्बर निघाले आणि ६० परत आले नाहीत. एका बी-१७मध्ये दहा माणसं. एका दुपारी सहाशे माणसांच्या खाटा रिकाम्या झाल्या. सोबतीला निघालेली थंडरबोल्ट लढाऊ विमानं जर्मनीच्या वेशीपर्यंत जायची आणि इंधन संपत आलं की वळायची. जर्मन वैमानिक नेमके त्या वळण्याचीच वाट बघत असायचे.

यावर उपाय म्हणून आलं पी-५१बी मस्टँग. विमान अमेरिकन, इंजिन ब्रिटिश आराखड्याचं मर्लिन, बांधलेलं मात्र अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने. पंखांत आणि वैमानिकाच्या पाठीमागे मिळून जवळपास हजार लिटर इंधन, शिवाय पंखाखाली टाकून देता येतील अशा दोन टाक्या. पाठीमागची टाकी पूर्ण भरलेली असली की विमानाचा तोल मागे जायचा आणि ते हाताला अस्थिर लागायचं, म्हणून वैमानिक सुरुवातीला तीच टाकी बरीचशी रिकामी करून घ्यायचे. हॉवर्डचा ग्रुप इंग्लंडच्या पूर्वेला बॉक्स्टेडच्या तळावर होता आणि डिसेंबर १९४३पासून मोहिमांवर जाऊ लागला होता. बॉम्बरना लक्ष्यापर्यंत सोबत देऊन तिथे लढू शकेल असा मस्टँगचा हा एकच ग्रुप तेव्हा आठव्या हवाई दलाच्या हाताशी होता. जेमतेम पन्नासेक विमानं.

११ जानेवारीचं लक्ष्य होतं विमानांचे कारखाने. जर्मनीतल्या ओशर्सलेबेनला एजीओ कंपनी फॉके-वुल्फ १९० ही लढाऊ विमानं बनवत होती, हाल्बरश्टाटला युंकर्स या विमान कंपनीचं काम चालायचं, आणि ब्राउनश्वाइगच्या परिसरातलेही कारखाने यादीत होते. साडेसहाशेच्या वर बॉम्बर निघाले. मग हवा बिघडली. मागच्या दोन डिव्हिजनना परत फिरण्याचा हुकूम गेला. पुढची पहिली डिव्हिजन लक्ष्याच्या इतकी जवळ पोचली होती की ती तशीच पुढे गेली. ढगांमुळे सोबतीची गणितं विस्कटली, आणि जर्मनांनी मिळेल ते लढाऊ विमान वर चढवलं.

हॉवर्ड त्या दिवशी आख्ख्या ग्रुपचं नेतृत्व करत होता. लक्ष्याच्या परिसरात मस्टँग बॉम्बरना येऊन मिळाले तेव्हा हल्ला सुरू झालेलाच होता. हॉवर्डने आपली विमानं जर्मनांवर सोडली, स्वतः एक दोन इंजिनांचं मेसरश्मिट ११० पाडलं, आणि त्या झटापटीत बाकीच्यांपासून तुटला. हवाई लढाईत हे नेहमी होतं. मिनिटाभरापूर्वी पन्नास विमानांनी भरलेलं आकाश बघता बघता रिकामं होतं.

तो पुन्हा बॉम्बरच्या उंचीवर आला. समोर ४०१व्या बॉम्ब ग्रुपचे बी-१७ आणि त्यांच्यावर तुटून पडलेली तीसच्या वर जर्मन विमानं. आपलं म्हणावं असं दुसरं एकही लढाऊ विमान तिथे नव्हतं.

इथे थांबून जरा विचार करा. रेडिओवरून साथीदारांना बोलावून, ते गोळा झाल्यावर हल्ला करणं त्याला शक्य होतं. त्याच्या पदकाच्या मानपत्रात हे स्पष्ट लिहिलंय. कोणी त्याला दोष दिला नसता. तो थांबला नाही.

पुढचा सुमारे अर्धा तास तो एकटा त्या ताफ्याभोवती फिरत राहिला. जे जर्मन विमान बॉम्बरवर नेम धरायला सरळ रेषेत येई, त्याच्यावर वरून झेप घ्यायची. ते वळून पळालं की त्याच्या मागे न लागता पुन्हा वर चढायचं, पुन्हा ताफ्याच्या एका बाजूला यायचं, पुढचं कोण ते बघायचं. त्याच्या मस्टँगला चार मशीनगन होत्या. लढाईच्या शेवटाकडे त्यातल्या तीन बंद पडल्या. इंधन धोक्याच्या पातळीला आलं होतं आणि बॉक्स्टेड सरळ रेषेत सातशे किलोमीटर लांब होतं. तरी तो एका गनवर झेपा घेत राहिला.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भिडतं ते त्याचं मागे न लागणं. पळणाऱ्या विमानाच्या शेपटीला चिकटलं की ते पडण्याची शक्यता असते, विमानाच्या नाकावर आणखी एक खूण रंगवता येते. पण तेवढ्या वेळात बॉम्बर उघडे पडतात. हॉवर्डने प्रत्येक वेळी तो मोह सोडला.

परत आल्यावर त्याने अहवालात दोन पाडली, दोन बहुधा पडली, दोनचं नुकसान केलं इतकंच लिहिलं. खरी गोष्ट बॉम्बरच्या माणसांनी सांगितली. तळावर उतरल्या उतरल्या ते विचारू लागले, तो मस्टँगवाला कोण होता? त्या दिवशी रचनेचं नेतृत्व करणारे मेजर ॲलिसन ब्रुक्स यांनी सांगितलं की एक एकटा अमेरिकन जणू अख्ख्या जर्मन हवाई दलाशी झुंजत होता आणि त्याला द्यावं इतकं मोठं पदक अस्तित्वातच नाही. चौकशी होऊन नाव कळलं. पुढे अधिकृत नोंदीत तीन विमानं धरली गेली आणि जून १९४४मध्ये जनरल स्पाट्झ यांच्या हस्ते हॉवर्डला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. युरोपच्या आघाडीवर हे पदक मिळालेला तो एकमेव अमेरिकन लढाऊ वैमानिक.

त्या दिवशीही एकूण ६० बॉम्बर गेले. ती लढाई अमेरिकनांसाठी यशाची होती असं मी म्हणणार नाही. पण त्या एका ताफ्यातली कितीतरी माणसं संध्याकाळी जेवायला बसली, ती या माणसामुळे.

चिकित्सक | शनिवार, सकाळी १०:२५

लेख आवडला. एक शंका मनापासून विचारतो. तीस विमानांविरुद्ध एक आणि तेही अर्धा तास, हे तांत्रिकदृष्ट्या शक्य कसं? तिसाव्या मिनिटाला सोडा, तिसऱ्या मिनिटालाच कोणीतरी मागून येऊन त्याला उडवायला हवं होतं. शिवाय युद्धातले दावे फुगवलेले असतात हे आपल्याला माहीत आहे.

गगनवेध | शनिवार, सकाळी ११:४०

चिकित्सक, शंका रास्त आहे. मलाही पहिल्यांदा वाचताना हेच वाटलं होतं.

पहिली गोष्ट, त्या तीस जणांचं लक्ष हॉवर्डवर नव्हतं. त्यांना हुकूम होता बॉम्बर पाडायचा. एकट्या मस्टँगसाठी हल्ला सोडून वळलं तर बॉम्बर पुढे निघून जातात, पुन्हा नेमाच्या जागी यायला वेळ आणि पेट्रोल लागतं. दुसरी गोष्ट, त्यात दोन इंजिनांची जड विमानंही होती. त्यांच्यातली काही पंखाखाली मोठी रॉकेट घेऊन यायची आणि बॉम्बरच्या गनच्या टप्प्याबाहेरून सोडायची. बॉम्बरसाठी ती यमदूत होती, पण मस्टँगपुढे त्यांना धड वळता येत नसे. मागे लढाऊ विमान दिसलं की रॉकेटचा नेम सोडून पळणं एवढंच त्यांच्या हातात असायचं.

तिसरी गोष्ट उंचीची. झेप घेतल्यावर आलेला वेग तो वर चढण्यासाठी वापरत होता. म्हणजे प्रत्येक वेळी तो वरच्या अंगाला, वेगात. खाली ओढला गेला असता तर संपला असता. मागे न लागण्याचा जो उल्लेख मी केला, त्यानेच त्याचाही जीव वाचवला.

दाव्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. त्या दिवशी बॉम्बरवरच्या तोफचींनी मिळून दोनशेच्या वर विमानं पाडल्याचे दावे केले. जर्मनांचं प्रत्यक्ष नुकसान त्याच्या एका अंशाइतकंच होतं. कोणी खोटं बोलत होतं असं नाही. एकाच जर्मन विमानावर दहा बॉम्बरमधून गोळ्या सुटतात, ते धूर सोडत खाली जातं आणि दहाही जणांना वाटतं की आपणच पाडलं. हॉवर्डचं उलट आहे. त्याच्या नावावर जास्त विमानं लावायला बघणारे होते, त्यानेच कमी सांगितली.

आणखी एक धोका लिहायचा राहिला. मस्टँग समोरून किंवा तिरपं बघितलं तर जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानासारखं दिसायचं. घाबरलेला, थंडीने बोटं गारठलेला तोफची आपल्याकडे नाक करून येणाऱ्या कोणत्याही लढाऊ विमानावर गोळ्या झाडायचा. १९४४च्या सुरुवातीच्या महिन्यांत मस्टँगच्या नाकावर पांढरे पट्टे रंगवले गेले ते याचसाठी. म्हणजे हॉवर्डला ज्यांना वाचवायचं होतं, त्यांच्या गोळ्याही चुकवायच्या होत्या.

जुना_फिटर | शनिवार, दुपारी २:०५

गगनवेध भाऊ, मी आपल्या हवाई दलात आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानातल्या गन सांभाळणारा होतो. आधी नॅट या लढाऊ विमानावर, नंतर अजीतवर. तीन गन बंद पडल्या हे वाक्य वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहितो.

पी-५१बीचा पंख पातळ. त्यात गन सरळ उभ्या बसत नव्हत्या म्हणून त्या कडेला झुकवून बसवल्या. आता काडतुसांचा पट्टा कसा जातो ते डोळ्यांसमोर आणा. तो पेटीतून निघतो, वर चढतो, वळतो आणि पीळ घेऊन गनमध्ये शिरतो. जमिनीवर ठीक चालतं. पण वैमानिकाने विमान करकचून वळवलं की सगळ्याचं वजन चार-पाच पट होतं. माणसाचं होतं, तसं पट्ट्याचंही होतं. गनला स्वतःच्या ताकदीने तेवढा जड पट्टा ओढवत नाही. एक काडतूस तिरकं बसलं की गन गप्प. हवेत ते काढता येत नाही. नेमकी कडक वळणातच गन लागते आणि नेमकी तिथेच ती दगा देते.

मी वाचलंय की त्या लोकांनी बी-२६ बॉम्बरमधल्या, पट्टा पुढे ढकलणाऱ्या विजेच्या मोटारी काढून मस्टँगमध्ये बसवल्या होत्या. हे काम कुठल्या कारखान्यात नाही, तळावर झालं. ज्या कोणा फिटरच्या डोक्यात ते आलं त्याला माझा सलाम.

आमच्या नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन एडन गन. १९६५मध्ये त्यांनीही नको त्या क्षणी थांबून वैमानिकांना फार त्रास दिला. आमच्या सीनियर लोकांनी ते दिवस बघितले होते. वैमानिक उतरल्यावर काही बोलायचा नाही, शिडीवरून खाली येऊन नुसता गनच्या झाकणाकडे बघायचा. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट, असं ते सांगत. आम्ही एकेक कडी हाताने चाचपून पट्टा भरायचो ती सवय त्यांनीच लावली.

रेवा_म | शनिवार, सायंकाळी ६:३०

फिटर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. असं आणखी लिहा ना.

गगनवेध, हॉवर्ड आधी कुठे होता? विमानाच्या नाकावरच्या खुणांचा उल्लेख केलात, त्यावर जपानी झेंडेही दिसतात असं एका जुन्या फोटोत बघितल्याचं आठवतं. युरोपमध्ये लढणाऱ्याच्या विमानावर जपानी झेंडे कसे?

गगनवेध | शनिवार, रात्री ८:१५

रेवाताई, छान पकडलंत. मूळ लेखात लांबण नको म्हणून हा भाग गाळला होता.

हॉवर्डचा जन्म चीनमधला, कँटनचा. वडील डोळ्यांचे डॉक्टर, तिथे शिकवायचे. मुलगाही डॉक्टर व्हायच्या वाटेवर होता, पण कॉलेज संपता संपता विमानाकडे वळला आणि अमेरिकन नौदलाचा वैमानिक झाला. ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू जहाजावर होता. १९४१मध्ये नौदल सोडून तो चीनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांमध्ये गेला. तेच ‘फ्लाइंग टायगर्स’. त्यांच्यासोबत त्याने ५६ मोहिमा केल्या आणि सहा जपानी विमानं त्याच्या नावावर लागली. जपानी झेंडे त्याचे. मस्टँगचं नाव ‘डिंग हाओ’ हेही चिनी, म्हणजे फार छान, एकदम उत्तम.

यातला एक भाग आपल्या जवळचा आहे. हॉवर्डची स्क्वाड्रन डिसेंबर १९४१च्या शेवटी रंगूनजवळच्या मिंगलाडोन तळावर आली. ३ जानेवारी १९४२ला तो आणखी दोघांबरोबर सरहद्दीपलीकडे थायलंडमधल्या टाकच्या जपानी तळावर गेला. तळावर गोळीबार करताना एक जपानी विमान त्याच्या शेपटीला लागलं होतं. ते त्याला कळलंही नव्हतं. टेक्स हिल या साथीदाराने ते पाडलं म्हणून हॉवर्ड वाचला. दोन वर्षांनी ओशर्सलेबेनवर त्याच्या शेपटीकडे बघायला कोणी नव्हतं. मला हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

रेवा_म | शनिवार, रात्री ८:५०

रंगून! माझ्या आजीचे वडील रंगूनला पोस्टात होते. आजीचा जन्म तिथलाच. बॉम्ब पडायला लागले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि जानेवारीत आईबरोबर बोटीने कलकत्त्याला आली. वडील मागे राहिले, ते नंतर चालत आले. ती आता नव्वदीच्या पुढे आहे, पण त्या दिवसांचं लख्ख आठवतं तिला. उद्या तिच्याकडे जाणार आहे, हे वाचून दाखवते.

पाऊलवाट | शनिवार, रात्री १०:००

तेव्हाच्या रंगूनमध्ये निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची होती. गोदीतले हमाल, कारकून, दुकानदार, सावकार, सगळे. त्या शहरावरचं आकाश कोणीतरी काही आठवडे धरून ठेवलं, म्हणून कितीतरी लोकांना बोट गाठता आली. हा संदर्भ दिल्याबद्दल आभार.

कोकणकडा | रविवार, सकाळी ८:२०

धागा उत्तम चालला आहे, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडतो.

बॉम्बरला चिकटून राहणं हे आदर्श म्हणून मांडलं जातंय. त्या एका अर्ध्या तासात ते बरोबर होतं, वाद नाही. पण युद्ध त्या पद्धतीने जिंकलं गेलं नाही. जानेवारी १९४४मध्येच आठव्या हवाई दलाची सूत्रं जिमी डूलिटलकडे आली. लढाऊ विमानांच्या प्रमुखाच्या, केपनरच्या कचेरीत एक पाटी होती, लढाऊ विमानांचं पहिलं काम म्हणजे बॉम्बर सुखरूप परत आणणं. डूलिटलने ती उतरवायला लावली. त्याचं म्हणणं, पहिलं काम जर्मन लढाऊ विमानं नष्ट करणं. तिथून मस्टँग ताफ्याच्या पुढे, बाजूला, खाली, अगदी जर्मन धावपट्ट्यांपर्यंत शिकारीला जाऊ लागले. १९४४च्या पहिल्या चार महिन्यांत जर्मनांनी दिवसा लढणारे हजाराहून अधिक वैमानिक गमावले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा आकाश मोकळं होतं ते यामुळे. बॉम्बरच्या माणसांना सुरुवातीला हा निर्णय मुळीच आवडला नव्हता, त्यांना आपण आमिष झालो असं वाटलं. पण दीर्घकाळात त्यांचेच जीव वाचले.

गगनवेध, मागे लागणं हा नेहमी मोह नसतो. काही वेळा तेच कर्तव्य असतं.

गगनवेध | रविवार, सकाळी १०:५५

कोकणकडा, तुमच्या प्रतिसादाने मला सकाळभर विचार करायला लावला.

तुमचा मुख्य मुद्दा मान्य. डूलिटलचा निर्णय बरोबर होता, आणि मूळ लेखात मी ‘मोह’ हा शब्द सरसकट वापरला तो चुकला. पाठलाग करणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला तो लागू होत नाही.

पण डूलिटलची पद्धत चालण्यासाठी विमानं लागतात. काही जण पुढे शिकारीला जातात तेव्हा काही जण ताफ्याजवळ असतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत मस्टँगची संख्या वाढत गेली, मग ते जमू लागलं. ११ जानेवारीला ग्रुप एकच होता, ढगांनी तोही विखुरलेला. त्या क्षणी हॉवर्डच्या जागी कोणी एका जर्मनाच्या मागे वीस हजार फुटांवरून खाली गेलं असतं, तर हिशेबात एक विमान वाढलं असतं आणि वर ताफा उघडा पडला असता. धोरण मोठं चित्र बघून ठरतं. एकट्या माणसाला मात्र समोर दिसतंय त्यावर ठरवायचं असतं, आणि तेही काही सेकंदांत.

त्याच्या साथीदारांबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण लेखातून त्यांनी त्याला सोडलं असा अर्थ निघू नये. ते इतरत्र लढतच होते. ग्रुपने त्या दिवशी पंधराच्या आसपास विमानं पाडल्याची नोंद आहे.

मैत्रेयी_स | रविवार, दुपारी १२:३०

या चर्चेत ३३२व्या फायटर ग्रुपचं नाव यायलाच हवं. अमेरिकेत टस्कीगी इथे शिकलेले कृष्णवर्णीय वैमानिक, इटलीतून उडायचे. त्यांचे कमांडर बेंजामिन डेव्हिस यांची सक्त ताकीद असायची की बॉम्बर सोडून विमानं पाडायच्या नादी लागायचं नाही. त्यांनी एकही बॉम्बर गमावला नाही असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. नंतर नोंदी तपासल्यावर ते खरं नसल्याचं दिसलं, पंचवीसच्या आसपास बॉम्बर त्यांच्या सोबतीत असताना शत्रूच्या विमानांनी पाडले होते. पण त्याच हवाई दलातल्या इतर मस्टँग ग्रुपची सरासरी त्याच्या दीडपटीहून जास्त होती. मला हा खरा आकडा त्या दंतकथेपेक्षा मोठा वाटतो, कारण तो तपासून घेतलेला आहे. ज्या सैन्यात त्यांना वेगळ्या मेसमध्ये जेवावं लागत होतं, त्याच सैन्याच्या बॉम्बरना त्यांनी असं सांभाळलं.

आणि एक गोष्ट मनात राहते ती सांगते. खाली ओशर्सलेबेनच्या कारखान्यातही माणसंच होती. जर्मन विमान कारखान्यांत तेव्हा व्यापलेल्या देशांमधून पकडून आणलेले मजूर मोठ्या संख्येने राबत. वरच्या लढाईचं लिहिताना त्यांचीही आठवण राहू दे.

गगनवेध | रविवार, दुपारी १:१०

मैत्रेयी, राहू दे नाही, राहायलाच हवी. मी ते लिहायला हवं होतं. ते मजूर स्वतःच्या इच्छेने तिथे नव्हते, आणि पळून जाऊन लपावं अशी जागाही अनेकदा त्यांना मिळत नसे.

जुना_फिटर | रविवार, दुपारी ४:४५

कोकणकडा आणि गगनवेध यांच्या वादात आपल्याकडची एक मोहीम सांगतो. सप्टेंबर १९६५, १९ तारीख, पाकिस्तानातला चाविंडा विभाग. जमिनीवर रणगाड्यांची मोठी लढाई पेटलेली. चार मिस्टेअर विमानं हल्ल्याला निघाली आणि त्यांच्या सोबतीला चार नॅट, नेतृत्व स्क्वाड्रन लीडर डेन्झिल कीलर यांचं. सरहद्द ओलांडल्यावर खालून विमानविरोधी तोफांचा मारा सुरू झाला, तो चुकवत असतानाच पाकिस्तानची चार सेबर लढाऊ विमानं दिसली. नॅट त्यांना भिडली. उंचीचा फायदा सेबरकडे, आणि लढाई अगदी जमिनीलगत. कीलर आणि फ्लाइट लेफ्टनंट कपिला यांनी एकेक सेबर पाडल्याची आपल्याकडे नोंद आहे, दोघांनाही वीरचक्र मिळालं. आपलं एक नॅट गेलं. त्याचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट मायादेव बाहेर पडले आणि युद्धकैदी झाले.

मी तेव्हा शाळेत होतो. भरती झाल्यावर सीनियर लोकांकडून हे ऐकलं. ते सांगताना आधी सेबरचं नाव घेत नसत. आधी सांगायचे, किती गेली आणि किती आली. मैदानावर उभा असलेला माणूस तेच मोजतो. विमानं दिसायच्या आधी आवाज येतो, मग सगळे गप्प होऊन आकाशाकडे बघत बोटांवर मोजायला लागतात. एक, दोन, तीन. चौथं येईपर्यंत कोणी श्वास सोडत नाही.

चिकित्सक | रविवार, सायंकाळी ५:३०

काका, हे वाचून गप्प झालो. माझ्या शंकेचं निरसन झालं आहे, गगनवेध यांचे आभार. एकच विचारायचं राहिलं, हॉवर्ड परतला कसा? आणि पुढे काय झालं त्याचं?

गगनवेध | रविवार, रात्री ९:००

लढाईच्या पूर्ण ताकदीवर मस्टँगचं इंजिन साध्या उड्डाणाच्या दुपटीहून जास्त इंधन पितं. अर्धा तास तसं चालवल्यावर उरलेल्या पेट्रोलवर त्याला हॉलंड आणि मग थंडगार उत्तर समुद्र ओलांडायचा होता. तो सुखरूप उतरला. विमान तपासलं तेव्हा डाव्या पंखात गोळीचं एक भोक सापडलं. एवढंच.

फेब्रुवारीत लेफ्टनंट कर्नल होऊन तो सगळ्या ३५४व्या ग्रुपचा कमांडर झाला. युद्धानंतर हवाई दलाच्या राखीव दलात ब्रिगेडियर जनरलच्या पदापर्यंत गेला, स्वतःची इंजिनीअरिंग कंपनी काढली. १९९५मध्ये फ्लोरिडात वारला, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहे.

लंडनमध्ये पत्रकारांनी त्याला घेरून विचारलं होतं, एकट्याने एवढ्यांवर का गेलास? त्याचं उत्तर अगदी साधं होतं. कर्तव्य दिसलं, ते केलं.

रेवा_म | रविवार, रात्री १०:२०

आजीला सगळा धागा वाचून दाखवला. रंगूनचं नाव आल्यावर तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली, पण ती ऐकत होती. संपल्यावर तिने एकच विचारलं. घराच्या गच्चीवरून तिने आणि तिच्या भावाने खूप खालून जाणारी विमानं पाहिली होती. आई ओरडत होती, आत या म्हणून. भाऊ म्हणायचा, माशासारखं तोंड आहे, दात आहेत. मोठेपणी तिने हे सांगितलं की सगळे हसायचे, लहान होतीस, भ्रम असेल म्हणायचे.

गगनवेध, त्यांच्या विमानांना दात होते का?

गगनवेध | रविवार, रात्री १०:२८

होते, रेवाताई. त्यांच्या पी-४० विमानांच्या नाकावर शार्कचा जबडा रंगवलेला होता, लाल जीभ आणि पांढरे दात. आजींना सांगा, त्यांनी बरोबर पाहिलं होतं.